लाल दिवा, तोंड शिवा

दुकानातला माल एकतर विकला जातो, नाहीतर पडून पडून गंजतो. गिटारच्या तारांचं तर विचारूच नका, मुंबईच्या हवेत पाकिटातल्या पाकिटात काळ्या पडतात. किस्से हा एकच माल असा, की जो फुकट येतो, फळीवर जागा खात नाही आणि जितका जुना तितका चमकतो! माझ्याकडे त्याचा साठा एवढा झालाय, की कधीकधी वाटतं, तारा-केबल बंद करून हेच विकायला बसावं.

घाटकोपरला, वेस्टला, एका बोळात माझं दुकान आहे. गिटार, माइक, वायरी, आणि गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घालणारा तो छोटा डबा, साउंड कार्ड. मी बी.कॉम.ला दोनदा आपटलो आणि मग साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये चिकटलो. तिथे मला अॅम्प्लिफायर उघडायला शिकवलं. बंद करायला मी स्वतःच शिकलो!

पूर्वी लोक गिटार वाजवायला शिकायचे. आता पहिल्या दिवशी गिटार घेतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "शेठ, घरी रेकॉर्ड कसं करायचं?" मग मी शिकवतो. शिकवायला पैसे घेत नाही, पण शिकायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हे मी बघतो.

रविवारी सकाळी काउंटरवर मंडळी जमतात. चहा माझा, तक्रारी त्यांच्या. काउंटरच्या मागे मी एक पाटी लावलीय, स्वतः रंगवलेली: 'लाल दिवा, तोंड शिवा.' म्हणजे रेकॉर्डिंग चालू झाल्याचा लाल ठिपका स्क्रीनवर दिसला, की घरातल्या कुणीही तोंड उघडायचं नाही. माझ्याकडून माइक घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ती पाटी वाचायला लावतो. मोठ्याने.

ही पाटी लक्षात ठेवा.

* * *

मिलिंद गायकवाड मानखुर्दचा. कॉलेजात लॅब असिस्टंट, बोटं गिटारवर एकदम झकास. तो माइक घ्यायला आला तेव्हाच म्हणाला, "दादा, माझ्यासाठी नाही, अण्णांसाठी पाहिजे."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. मूळचे जालन्याकडचे. ऐन जवानीत त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, मागे चार कोरसवाले. गावोगाव जयंतीला त्यांच्या नावाचा बोर्ड लागायचा. गाणी त्यांची स्वतःची, चालीही स्वतःच्या. कागदावर एक ओळ नाही, कॅसेटमध्ये एक सूर नाही. सगळं गळ्यात!

आणि आता नेमकी गळ्यातच गाठ निघाली होती. साधी गाठ, घाबरण्यासारखं नाही, पण काढावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, "आवाजाच्या नसेला लागून आहे. नंतर आवाज कसा राहील, आज सांगता येत नाही." दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

"त्याच्याआधी एक गाणं तरी पकडायचंय, दादा. एकच," मिलिंद म्हणाला. "आजीवरचं."

मी त्याला दुकानातला सगळ्यात चांगला माइक दिला आणि मुकाट्याने घासाघीस न करता भाव कमी केला. असं मी वर्षातून एकदाच करतो.

चार दिवसांत फोन. "दादा, माइक खराब आहे. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो."

माझ्याकडचा माइक खराब? मी म्हटलं, "फोटो पाठव." पाठवला. बघतो तर माइक बरोबर उलटा लावलेला! ह्या माइकला पुढची बाजू असते, कंपनीचं नाव असतं ती. त्या बाजूने गायचं. ह्याने नाव पलीकडे केलं होतं.

"अरे, नाव तुझ्याकडे पाहिजे."

"माझ्याकडे कशाला? अण्णांच्या पेटीवर पण नाव होतं. ते कायम पब्लिककडे!"

"मिलिंद, पब्लिक कुठाय तिथे? समोर भिंत आहे."

मग म्हणतो, "तरी पण दादा, पब्लिकला पाठ दाखवल्यासारखं वाटतं."

* * *

करंदीकरकाका ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ होते. रिटायर झाल्यावर गिटार घेतली. राहतात घाटकोपर ईस्टला, आणि हातात घेतलेली प्रत्येक गोष्ट मोजतात. चहासुद्धा मी किती सेकंद उकळवला ते सांगतात.

त्यांची तक्रार अशी, की तार आत्ता छेडली तर हेडफोनमध्ये ती जराशाने ऐकू येते. ही तक्रार सगळ्यांचीच असते. कॉम्प्युटर आवाज आत घेतो, चावतो, गिळतो, मग बाहेर काढतो. एक सेटिंग बदललं की झालं. मी त्यांना म्हटलं, "रविवारी लॅपटॉप आणा, दोन मिनिटांत करून देतो."

त्यानंतर तीन रविवार काका आलेच नाहीत. चौथ्या रविवारी आले ते फुशारकीत.

"परब, सोडवला प्रॉब्लेम! मी तो उशीर मोजला. आता मी तेवढं आधी वाजवतो."

"आधी?"

"म्हणजे मला ऐकू वेळेवर येतं ना!"

मी कपाळाला हात लावला. लॅपटॉप उघडून सेटिंग बदलून दिलं, उशीर गेला. पण काकांची बोटं आता तीन आठवड्यांच्या सवयीने पुढे पळायची, ती थांबेनात! गिटारवर तर सोडाच. नातीच्या वाढदिवसाला सगळे केकभोवती उभे, मेणबत्ती अजून पेटतेय, आणि काकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

काकू दुकानात येऊन मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक लग्नाला अक्षता पडल्यावर पोचला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी काही केलं, आणि ते पण तुमच्यामुळे चुकलं!"

* * *

स्नेहल अंधेरीत आयटीमध्ये आहे, पण घर साकीनाक्याला. इमारतीच्या खालीच मशीनचे गाळे. ती मला म्हणाली, "काका, रेकॉर्डिंगमध्ये सारखा भुंगा येतो. घूंऽऽ करत. पण आई शेजारी बसली की थांबतो."

"कुठे बसते?"

"टेबलाला टेकून बसते आणि त्या डब्यावर हात ठेवते. मी रेकॉर्ड करते तोवर तिचा जप चालतो."

मला कळायचं ते कळलं. तरी घरी गेलो, कारण घरी गेलं की आणखी एखादी वायर खपते. आईंनी प्रात्यक्षिकच दाखवलं. हात उचलला, घूंऽऽ. हात ठेवला, शांत. उचलला, घूंऽऽ. ठेवला, शांत.

"बघितलंत? अकरा वर्षं जप करतेय हो मी. कुठेतरी दिसणारच ना!" आईंचे डोळे भरून आले होते. शेजारच्या दोघीजणी तर दर्शन घेतल्यासारख्या उभ्या.

मी वाकून भिंतीतला सॉकेट बघितला. तीन भोकं होती, पण वरच्या भोकाच्या मागे अर्थिंगची वायरच नव्हती. बिल्डरने नुसतं भोक दिलं होतं! जो करंट जमिनीत जायचा, तो बिचारा आईंना धरून होता. म्हटलं, "आई, आधी हात काढा बघू. हे बरं नाही." इलेक्ट्रिशियन बोलावला, वायर ओढली. भुंगा कायमचा गेला.

स्नेहलने गिटार हातात घेतली, आवाज एकदम काचेसारखा. ती खूश, मी खूश. आईंनी हात ठेवून पाहिला, काढून पाहिला, परत ठेवला. काहीच फरक नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घालवलीत माझी सिद्धी!"

चहा मिळाला, पण साखर नव्हती त्यात.

* * *

हा किस्सा घरचा आहे.

आपल्या खोल्यांमध्ये आवाज फार घुमतो. चार भिंती, लाद्या, काच. स्टुडिओवाले त्यासाठी महागडे स्पंज लावतात. मी गिऱ्हाइकांना सांगतो, "कशाला स्पंज? बायकोच्या साड्यांचं कपाट उघडा, त्याच्यासमोर बसून गा. साडीसारखं आवाज पिणारं काही नाही."

सुनंदाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, हे एकदा दुकानात ऐकलं. म्हणाली, "आधी घरी करून दाखवा."

दाखवलं. कपाट बंद ठेवून गिटार रेकॉर्ड केली, मग उघडं ठेवून केली. दोन्ही ऐकवल्या. फरक बहिऱ्यालाही कळेल असा! मी विजयी मुद्रेने बसलो. तिने हेडफोन लावून दुसरी पुन्हा ऐकली. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा ऐकली. मोठ्या उस्तादासारखी मान तिरकी.

"डाव्या बाजूला अजून थोडा खणखणतोय हो," ती म्हणाली. "एक साडी कमी पडते."

पंचवीस वर्षं धंदा करतोय. असं गळ्यात मारणं मला कधी जमलेलं नाही!

* * *

इकडे दिवाळी जवळ आली, आणि अण्णा गायला तयारच होईनात.

मिलिंदने पहिल्या रविवारी त्यांना हेडफोन लावायला दिले. अण्णांनी ते कानाला लावले, काढले, उलटसुलट करून पाहिले. "कानात बोळे घालून कुणी गातं का रे? मला माझा आवाज ऐकू येऊ दे की."

दुसऱ्या रविवारी त्याने ताल धरायला कॉम्प्युटरची टिकटिक लावून दिली. अण्णांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. "त्या टकटकवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लाव. मी ढोलकीच्या मागं कधी गेलो नाही. ढोलकी माझ्या मागं यायची!"

तिसऱ्या रविवारी शेजारच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटवाल्यांनी ड्रिल लावला. त्या दिवशी अण्णांना काही बोलावंच लागलं नाही.

मिलिंद दुकानात येऊन बसला. चहा घेतला नाही. "राहू दे, दादा. फोनवर काहीतरी करून ठेवतो. आठ दिवस उरलेत, त्यांना आता त्रास नको." एवढं म्हणून त्याने मान वळवली आणि लटकवलेल्या गिटारच्या पट्ट्यांकडे बघत बसला. त्या पट्ट्यांत बघण्यासारखं काही नाही, मला माहितीय, मीच लटकवल्यात.

करंदीकरकाका म्हणाले, "परब, तुझ्या घरी करू."

"माझ्या घरावरून विमानं जातात, काका. दर दोन-तीन मिनिटांनी."

"रोज जातात. रविवारी दुपारी सव्वादोनच्या पुढे थोडी उसंत असते. मी पाहिलंय."

"कधी पाहिलंत?"

"तीन रविवार आलो नव्हतो ना? एवढा वेळ काय नुसती गिटारच वाजवत होतो होय?"

मंडळी, ह्याला म्हणतात शास्त्रज्ञ!

* * *

अण्णांचं ऑपरेशन होऊन आता वर्ष होत आलं. तब्येत ठणठणीत. परवाच दुकानात येऊन माझ्या चहाला नावं ठेवून गेले. बोलतात, भांडतात, पण आवाजाचा वरचा मजला गेला तो गेलाच. गाणं आता खालच्या पट्टीत, दोन ओळी, की खोकला. म्हणून त्या रविवारचं नीट सांगतो.

दुपारी दोन वाजता आमच्या घरी ही गर्दी! अण्णा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, इस्त्री कडक. मिलिंद गिटार घेऊन त्यांच्या बाजूला. समोर माइक, नाव अण्णांकडे केलेला. माइकच्या मागे सुनंदाचं कपाट सताड उघडं, नवीन साडी डाव्या बाजूला. लॅपटॉपवर स्नेहल. स्नेहलची आई साउंड कार्डाच्या शेजारी खुर्ची ओढून. "भुंगा आलाच तर असू दे मी," म्हणाल्या. बाल्कनीत करंदीकरकाका हातात नॅपकिन घेऊन. विमान येताना दिसलं की नॅपकिन वर, गेलं की खाली. काका सवयीप्रमाणे विमान दिसायच्या आधीच नॅपकिन वर करायचे, पण त्या दिवशी ते कामालाच आलं.

हेडफोन नाहीत, टिकटिक नाही. मिलिंद म्हणाला, "अण्णा, तुम्ही गा. मी मागून येतो."

अण्णांनी समोर बघितलं. "कुणाला गाऊ?"

"माइकला."

"त्याच्या मागं साड्या लटकवल्यात. मी काय साड्यांना गाऊन दाखवू? समोर माणूस लागतो, पोरा. बसणारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाच्या दारात, खालच्या कप्प्याला पाठ लावून मांडी घातली. डोक्यावर पैठणीचा पदर.

"पण दादा," मिलिंदने बोट दाखवलं, "लाल दिवा..."

"तोंड शिवा," मी म्हटलं. "मला शिकवतोस? पाटी माझी आहे."

सव्वादोन. नॅपकिन खाली. लाल ठिपका लागला.

आणि अण्णांनी आवाज लावला.

मी इतकी वर्षं आवाज पकडणाऱ्या वस्तू विकतोय, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गळ्यात गाठ, आणि सूर कसा, तर उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखा, जाड आणि गरम. गाणं त्यांच्या आईचं. दुष्काळात ती मुंबईत आली आणि बांधकामावर पाटी उचलत राहिली, ते. मिलिंद मागून नुसता पावलं टाकल्यासारखा वाजवत होता. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी अण्णांनी डोळे मिटले, हात वर गेला, आणि आवाज त्या हाताच्याही वर गेला,

"पाटी पाटी करून माझ्या मायनं
डोईवर मुंबई उचलली...!"

त्या 'उचलली'वर त्यांनी सूर असा धरून ठेवला, की मला खाली बसवेना.

"वन्स मोअर!"

कोण ओरडलं म्हणून मीसुद्धा इकडेतिकडे बघितलं.

स्नेहलचा हात दचकून की-बोर्डवर पडला. लाल ठिपका गेला. मिलिंद गिटारवर डोकं टेकून बसला. सुनंदाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं लग्नात मी तिच्या भावाचं ताट सांडलं होतं तेव्हापासून बघितलं नव्हतं. बाल्कनीतून काका ओरडले, "परब, मूर्ख आहेस!"

एकटे अण्णा खूश. ते थांबलेच नव्हते! त्यांनी तेच कडवं परत घेतलं, आधीपेक्षाही वर नेलं, पुरं केलं आणि टॉवेलने घाम पुसला. "किती वर्षांनी ऐकला हा शब्द!"

"अण्णा," मिलिंद हळूच म्हणाला, "रेकॉर्ड नाही झालं."

अण्णांनी गळ्यावरून हात फिरवला. "एकदाच होईल आता," ते म्हणाले. "त्याच्यावर नाही."

नॅपकिन वर गेला. एक विमान गेलं. नॅपकिन खाली आला. मी खिशातला रुमाल काढला, त्याची घडी केली आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. स्नेहलच्या आईंनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली आणि खात्रीसाठी रुमालावर हात ठेवला. लाल ठिपका लागला.

पहिलं कडवं, सुरेख. दुसरं कडवं, त्याहून सुरेख. पाटी पाटी करून माझ्या मायनं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. डोईवर मुंबई. अण्णांचा हात वर गेला, सूर वर गेला, तिथे राहिला, राहिला, आणि संपला.

पुढचं कडवं आलंच नाही.

मिलिंद तेच दोन स्वर परत परत फिरवत राहिला. मी डोळे उघडले. अण्णा माझ्याकडे बघत होते. बाल्कनीत नॅपकिन वर गेला. स्नेहल स्क्रीनकडे बघतेय, मिलिंद बापाकडे, सुनंदा माझ्याकडे. गिटार फिरतेय. लाल ठिपका चालू.

अण्णा माइकच्या बाजूने थोडे पुढे वाकले.

"म्हणा की, परबशेठ!"

स्नेहलच्या आईंनी हात बाजूला घेतला. मी रुमाल काढला.